घोडा आणि माश्या
माथेरानच्या घोडेवाल्यांना हे सांगायला नको, पण घोडा सारखा पाय आपटू लागला की औषधाची बाटली शोधण्याआधी तबेल्याचा कोपरा बघावा. उबदार, दमट हवेत घरमाशीच्या अंड्याची आठ-दहा दिवसांत उडती माशी होते. म्हणून लीद आणि ओलं गवत रोज उचलायचं, रविवारी एकदम नव्हे! निम्मं काम तिथेच होतं.

कडुनिंबाचं तेल खोबरेल तेलात पातळ करून पायांना, पोटाला चोळा; आधी थोड्या जागेवर लावून बघा. डोळ्यांवर दोऱ्यांची झालर बांधा. तबेल्यात पंखा असेल तर लावा, वाऱ्यात माशी टिकत नाही. जखम मात्र उघडी नको. माश्या तिच्यात कृमींच्या अळ्या सोडतात, मग ती लवकर भरत नाही. तिथे घरगुती उपाय थांबवा आणि पशुवैद्यांना बोलवा.