दहावीनंतरची पेरणी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कांद्याचा, कापसाचा भाव आज थोडा बाजूला ठेवू. पोरांच्या शिक्षणाचे बोलू.

दहावीचा निकाल लागला की गावात दोनच प्रश्न ऐकू येतात. टक्के किती पडले? कुठे घातला? पोराला काय जमते, हे विचारायला कोणालाच सवड नसते. शेजाऱ्याने सोयाबीन पेरले की आपण सोयाबीन पेरतो आणि सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो. पोरांचेही आपण तसेच करतो. शेजाऱ्याचा सायन्सला गेला म्हणून आपलाही सायन्सला.

पेरणीआधी आपण काय पाहतो? जमीन कशी आहे, पाणी किती आहे, खर्च किती येईल आणि माल कोण घेईल. हेच चार प्रश्न पोराच्या शिक्षणाला लावा.

जमीन म्हणजे पोराचा कल. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून दुरुस्त करणाऱ्या पोराला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत होता येते. दहावीनंतर तीन वर्षांची डिप्लोमाची वाट आहे. ती करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. या वाटेत बारावी लागत नाही. आयटीआयला घातले म्हणून घराची अब्रू जात नाही. कर्जाची नोटीस आली की जाते.

पाणी म्हणजे पुढे वाट किती उरते ते. सायन्सवाल्याला नंतर आर्ट्स, कॉमर्सला वळता येते. आर्ट्सवाल्याला सायन्सला येणे अवघड. जीवशास्त्राशिवाय माणसांचा डॉक्टर होता येत नाही, जनावरांचाही होता येत नाही. गणित सोडले तर इंजिनिअरिंगची वाट जवळजवळ बंद. कृषी पदवीला मात्र गणिताचा गटही चालतो, जीवशास्त्राचाही. अकरावीचा फॉर्म भरताना हे माहीत पाहिजे. बारावीनंतर कळून उपयोग नाही.

आता खर्च. 1983 साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाचा बाजार उभा राहिला. देणगी घेण्यावर 1987 चा बंदी कायदा आहे, पण बिनपावतीचा पैसा कायद्याला दिसत नाही. तुम्ही पावती मागा. नुसती फी धरू नका. खोली, मेस, पुस्तके, गाडीभाडे असा पुऱ्या चार वर्षांचा खर्च मांडा. अल्पभूधारकाच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. तेव्हा मायबहिणींनो, पोरीला शिकवायला पैसा नाही, हे सांगण्याआधी कोणत्या कोर्सला माफी आहे ते विचारून या.

शेवटी बाजार. कॉलेजच्या फलकावर पहिल्या पाच-दहा मुलांचे फोटो असतात. बाकीची कुठे आहेत? मागच्या तीन वर्षांत पास झालेली आपल्या तालुक्यातली मुले शोधा, पगार किती आणि वेळेवर मिळतो का, ते त्यांच्याच तोंडून ऐका. स्पर्धा परीक्षेचेही तसेच. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, म्हणून पोरे हाताला लागेल ती पदवी घेतात. जागा मोजक्या, अर्ज लाखांनी, आणि वय कोणासाठी थांबत नाही. निकालात नाव आले नाही तरी पोट भरेल, अशी पदवी आधी हातात असू द्या.

एक गोष्ट आपल्या घरातली. अभ्यास केला नाहीस तर औत धरावे लागेल, असे आपणच पोराला लहानपणापासून सांगतो. म्हणजे शेती ही नापासाची शिक्षा. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथला पदवीधरही नोकरी शोधतो, कारण बापाच्या वहीत शिल्लक दिसत नाही. त्याला दोष देऊ नका. पण ज्याला मातीची ओढ आहे, त्याला शिक्षा म्हणून शेतीत ढकलू नका. त्यालाही शिकवा. त्याच्यापुढे जमाखर्चाची वही ठेवा आणि त्याला डोळे उघडे ठेवून निवडू द्या.

नापिकी झाली तर पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येते. सीटसाठी विकलेला एकर परत येत नाही, आणि मनाविरुद्धच्या वर्गात गेलेली पोराची चार वर्षेही येत नाहीत. म्हणून निकालाची वाट पाहू नका. या आठवड्यात एका रात्री जेवणानंतर पोराला, पोरीलाही, समोर बसवा. कागदावर हे चार प्रश्न लिहा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना लिहू द्या. खर्चाचा आकडा तुम्ही लिहा, खरा लिहा, आणि तो त्यांच्यापासून लपवू नका.