अवघड जागेचे दुखणे
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाला ‘काही नाजूक व्याधी’ असे सोज्ज्वळ नाव दिले आहे. त्यावरून हृदयरोगाविषयी काही ऐकावयास मिळेल अशा समजुतीने जे आले असतील त्यांना उठून जाण्याची पूर्ण मुभा आहे, मात्र आता जो उठेल तो बसवत नाही म्हणूनच उठला, असा शेजाऱ्यांचा ग्रह झाल्यास त्याची जबाबदारी मजवर नाही. (हशा.) मूळव्याध, गुदद्वाराची चीर, गळू आणि भगंदर अशा चार व्याधींचा हा विषय, पण त्या चारींविषयी मला सांगावयाचे आहे ते एकच: आधी तपासणी, मग औषध. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ या म्हणीत आपल्या पूर्वजांनी रोग्याच्या संकोचाची थट्टा केली, परंतु त्या संकोचाचा फायदा घेऊन जो वैद्य तपासणीच टाळतो आणि नुसत्या हकिकतीवर पुडी बांधून देतो, त्याला मात्र त्यांनी मोकळे सोडले. रोग्याच्या संकोचाला मी क्षमा करीन. वैद्याच्या संकोचाला करणार नाही.

गुदमार्गाची रचना आपण सर्वजण शाळेत शिकलेले आहात असे गृहीत धरतो (हशा), आणि दोनच गोष्टींची आठवण देतो. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्या त्या द्वाराच्या आत निसर्गानेच प्रत्येकाला दिलेल्या असून, वर्षानुवर्षे कुंथण्याने त्या सुजून खाली घसरल्या म्हणजे मूळव्याध होते. आणि त्या मार्गात एक दातेरी रेषा आहे, जिच्या वरच्या अस्तराला चिरल्याची वेदना कळत नाही व खालच्या त्वचेला सुईचे टोकही सोसत नाही. म्हणून शौचाला न दुखता लाल रक्त ठिबकले तर आतल्या मूळव्याधीचा संशय घ्यावा; शौचाच्या वेळी असह्य कळ येऊन ती मागाहून तास-दोन तास टिकली तर चिरेचा; ठणका आणि ताप असेल तर गळवाचा; आणि फुटलेल्या गळवाच्या जागी छिद्र राहून वारंवार पू येत असेल तर भगंदराचा. पण संशय म्हणजे निदान नव्हे. गुदाशयाच्या कर्करोगातही असेच रक्त पडते, त्यातील कित्येक गाठी वैद्याच्या बोटाला लागतील इतक्या जवळ असतात, आणि तरीही ‘जुनी मूळव्याध आहे’ या समजुतीवर मलमे लावीत महिनेच्या महिने दवडलेले रोगी आम्हां शस्त्रवैद्यांकडे येतच असतात. पंचनाम्यावाचून निकाल लिहिणाऱ्या मामलेदाराला सरकार कामावर ठेवणार नाही. आम्हां वैद्यांना मात्र तीच गोष्ट फीसह माफ आहे!

येथे फ्रान्सच्या चौदाव्या लुईची कथा दोन वाक्यांत सांगतो. १६८६ च्या आरंभी या राजाला गुदद्वाराजवळ गळू झाले, त्याचे भगंदर बनले, आणि साऱ्या युरोपावर दरारा बसविणाऱ्या या पुरुषाला घोड्यावर मांड ठोकणे अशक्य झाले. लेप झाले, मलमे झाली. ज्याच्या त्याच्या खिशात रामबाण औषध होते. अखेर फेलिक्स नावाच्या राजशस्त्रवैद्याने शस्त्राचा आग्रह धरला, एक वक्र सुरी मुद्दाम घडवून घेतली, आणि पॅरिसच्या इस्पितळांतील गरीब रोग्यांवर महिनोन्‌महिने हात बसवून (त्या गरिबांची नावे कोणी सांगत नाही) १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात, गुंगीच्या औषधावाचून, राजाचे भगंदर चिरले. राजा बरा झाला, फेलिक्सला धन आणि जहागीर मिळाली, आणि मग दरबारात जे घडले ते नाटककार मोलिएरलाही सुचले नसते. दिओनी नावाच्या समकालीन शस्त्रवैद्याने नमूद केले आहे की, तिसांहून अधिक माणसे तीच शस्त्रक्रिया आपल्यावरही व्हावी म्हणून हटून बसली, आणि आपल्याला तिची गरज नाही असे कळल्यावर चक्क रुसली! (मोठा हशा.) हसू नका, त्या वेड्यांना ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगणारा माणूस तरी होता. आज रस्त्यारस्त्यावर ‘बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या आहेत. त्या पाटीखालून ‘तुम्हांला मूळव्याध नाही’ हे ऐकून बाहेर पडलेला एकतरी मनुष्य मला दाखवा.

पहिल्या रांगेतील वैद्यराजांनी मान हलविली, ती संमतीने की निषेधाने हे मला कळले नाही, पण मी आयुर्वेदाचा द्वेष्टा नव्हे. अर्शाला, म्हणजे मूळव्याधीला, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र हे चार उपाय सांगणारा सुश्रुत गुदमार्ग पाहण्यासाठी अर्शोयंत्राचेही वर्णन करतो, म्हणजे तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे दिलेला, भगंदरात ओवावयाचा क्षारसूत्राचा दोरा काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाने पुन्हा प्रचारात आणला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने भगंदर भरून येण्यास शस्त्रक्रियेहून वेळ अधिक लागला, परंतु ते उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. मात्र दोरा ओवण्यापूर्वी भगंदराची वाट कोठून कोठे जाते, हे ओवणाऱ्यालाही शोधावेच लागते!

चिटणीसांनी चिठ्ठी पुढे सरकवली आहे: पाच मिनिटे. म्हणजे प्रतिबंध आणि उपचार, ज्यांसाठी आपण आलात, ते आता धावतच सांगणे प्राप्त आहे. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चोथा पोटात जाईल इतक्या भाज्या, फळे, कोंड्यासह पीठ आणि कडधान्ये खावीत. पाणी भरपूर प्यावे, इसबगोल घेतल्यास विशेषच. वेग आला की अडवू नये, न आला तर कुंथू नये, आणि वर्तमानपत्र शौचकूपाबाहेर वाचावे. ताजी चीर बहुधा एवढ्यानेच, जोडीला कोमट पाण्यात बसण्याने, काही आठवड्यांत भरते. मूळव्याधीला पुष्कळदा रबरी कड्याने बांधणे पुरते. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. गळू मात्र विनाविलंब चिरून घ्यावे. कोणी विचारले आहे, सुरण खावा काय? जरूर खावा, भाजी म्हणून. रक्तासोबत वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, अंगात रक्त कमी झाले असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, किंवा चाळिशी उलटून प्रथमच रक्त दिसले असेल, तर दुर्बिणीने मोठे आतडेही तपासून घ्यावे.

घंटा झाली. उरलेले प्रश्न लेखी पाठवावेत, नाव घालण्याचे कारण नाही. ‘माझ्या एका मित्राला’ अशी सुरुवात केलीत तरी चालेल. फक्त त्या मित्राला उद्या सकाळी तपासून घ्यावयास पाठवा. (टाळ्या.)