घर घेण्याआधी मोजणी करावी का?



सुगी झाली, हातात चार पैसे आले, की गावात घरांचे व्यवहार सुरू होतात. मग गटाच्या बैठकीत एखादी ताई म्हणते, “जुनं घर मिळतंय, गटाकडून कर्ज पाहिजे.” मी विचारते, “मोजणी केली का?” उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, “डोळ्यांसमोरचं घर आहे, त्यात काय मोजायचं? उगाच पैसे घालवायचे.” हे पैसे खरंच उगाच जातात का, त्याचा आज हिशेब करू.

घर घेताना दोन गोष्टी तपासायच्या असतात. एक, खालची जागा. दोन, वरचं बांधकाम.

आधी जागा. विकणारा ग्रामपंचायतीचा आठचा उतारा दाखवतो. तो घरपट्टीसाठी असतो. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि त्यावरचे चौरस फूट जागेवर तेवढेच भरतील असंही नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की घर गावठाणात आहे की गटातल्या जमिनीवर?

गावठाणात असेल आणि गावाचं भूमापन झालेलं असेल, तर मालमत्ता पत्रक आणि नकाशा मिळतो. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली, त्यातूनही ही पत्रकं तयार झाली आहेत. नकाशाची नक्कल काढा आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसमोर टेप लावा. मापं जुळली आणि शेजाऱ्यांची हरकत नसेल, तर मोजणीचे पैसे वाचवा. भूमापनच झालं नसेल, तर ताडून बघायला मूळ नकाशा नसतो. तिथे चारी बाजूंची मापं लिहून घ्या, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि त्याच चतुःसीमा खरेदीखतात घाला.

घर सातबाऱ्याच्या जमिनीवर असेल, तर मात्र मोजणीला पर्याय नाही. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तेहेतीस बाय तेहेतीसचा चौकोन. कुंपण दोन हात सरकलं तरी न्हाणीघर शेजाऱ्याच्या हद्दीत जातं. शिवाय गुंठा-दोन गुंठ्यांच्या खरेदीला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. म्हणून इसार देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. फी क्षेत्रावर आणि किती घाई आहे त्यावर ठरते. लगतच्या लोकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दी दाखवतो, आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. पण अर्ज जमीनधारकाने करायचा असतो, घेणाऱ्याने नाही. म्हणून इसार पावतीतच लिहून घ्या, की अर्ज विकणारा करील, फी कोण भरील, आणि जागा कमी भरली तर किंमत किती उतरेल. आमच्या एका गटातल्या ताईंनी असं लिहून घेतलं होतं. मोजणीत परसातली गोठ्याची जागा शेजाऱ्याची निघाली. भांडण झालं नाही, किंमत कमी झाली. आणि जो माणूस मोजणीचं नाव काढताच टाळाटाळ करतो, त्याच्यापाशी थोडं थांबलेलंच बरं.

आता बांधकाम. विकायच्या आधी रंग सगळेच देतात. म्हणून आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे का, स्लॅबचे पापुद्रे निघून गंजलेली सळई दिसते का, वाशांना वाळवी आहे का, भिंतीला ओल कुठवर चढली आहे, हे बघा. जमल्यास मोठा पाऊस पडून गेल्यावर एकदा घर बघा. साधं पत्र्याचं घर असेल, तर चांगला मिस्त्री पुरे. स्लॅबचं किंवा जुनं दगड-मातीचं असेल, तर इंजिनिअरची फी द्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवदच माणसांच्या अंगावर आलं, हे आपण विसरायला नको.

आता हिशेब. समजा, घर पाच लाखांचं आहे. मोजणी, नकला आणि तपासणी मिळून दहा हजार गेले. म्हणजे शंभराला दोन रुपये. घर चांगलं निघालं तर दहा हजारांत निर्धास्त झोप मिळाली. वाईट निघालं तर पाच लाख वाचले. कोर्टाची एक-एक तारीख, बुडालेली मजुरी आणि शेजाऱ्याशी जन्माचं वैर यांचा हिशेब तर मी धरलेलाच नाही.

आणखी एक. नुसत्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे घर आपलं होत नाही. खरेदीखत नोंदवावंच लागतं, आणि त्यावर बाईचं नावही लागायला हवं. हप्ते आपणच फेडतो ना?

माझी सूचना एवढीच. पुढच्या बैठकीत ठराव करा, की घरासाठी कर्ज मागताना नकाशाची प्रत आणि मिस्त्रीचं किंवा इंजिनिअरचं मत सोबत आणायचं. या खर्चासाठी गटाने आधी लहान कर्ज द्यावं. गटातला रुपया दहा-वीस बायकांच्या बचतीचा आहे. तो कुठल्या भिंतीत जातोय, हे बघायचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे.