परदेशी शाळेची नोकरी : भरतीचा खर्च कोणी सोसायचा?

(शाखेच्या कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे आपले नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवून आम्ही आपल्या घरातल्या एका प्रश्नावर बोलणार आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या मुलामुलींनी बी.एड. केले आहे. ट्रॅकमनची मुलगी, सॉर्टरचा मुलगा शिक्षक झाला, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण पदवी हातात आली की पुढचा प्रश्न उभा राहतो, नोकरी कुठे? आणि अलीकडे त्याला एक उत्तर वारंवार ऐकू येते : परदेशात.

मुलांना दोष देण्याचे कारण नाही. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, म्हणजे खर्चही वाढला. महाराष्ट्रात नोकरी लागलीच तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. 2023 साली हे मानधन वाढवले, तेव्हा ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झाले. खाजगी विनाअनुदानित शाळांत तर सहीचा पगार वेगळा आणि हातात पडणारा वेगळा. अशा वेळी कोणी दुबईच्या किंवा इंग्लंडच्या शाळेचे नाव घेतले, तर तरुण मन तिकडे धावणारच. जाऊ नका, असे सांगायला आम्ही उभे नाही. कामगाराला चांगल्या दामाच्या शोधात जाण्याचा हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जाताना बापाचा प्रॉव्हिडंट फंड आणि सोसायटीचे कर्ज एजंटाच्या खिशात जाता कामा नये.

युनियनच्या कार्यालयात असे पालक येतात. एजंटाने लाखांत रक्कम सांगितलेली असते. पावती नाही, करारनामा नाही, "व्हिसा आला की सगळे कळेल" एवढेच आश्वासन. रेल्वेच्या भरतीत खोटी नेमणूकपत्रे विकणारे दलाल आपण पाहिले आहेत. त्यांना ओळखणारे आपले लोक परदेशाचे नाव निघाले की मात्र भुलतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी पाहू.

परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी खरी की खोटी, हे सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जी.एस.टी. घेता येतो. एकूण झाले 35,400 रुपये. तेही पावती देऊन. याहून एक रुपया जास्त मागणारा माणूस कायदा मोडतो आहे, हे सरळ समजून घ्या.

आता एक गोष्ट जी फार थोड्यांना माहीत असते. दहावीही न झालेला प्लंबर किंवा गवंडी आखाती देशात निघाला, तर त्याला उत्प्रवासन संरक्षकाची परवानगी लागते. त्यामुळे त्याची कागदपत्रे सरकारच्या नजरेखालून जातात. दहावी व त्यापुढे शिकलेल्यांना ही परवानगी लागत नाही. म्हणजे आपली बी.एड. झालेली मुलगी विमानात बसते तेव्हा तिचा करारनामा कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने वाचलेला नसतो. शिकलेल्या माणसाने स्वतः वाचावा, असे कायदा धरून चालतो. मग तो आपण वाचलाच पाहिजे.

जिथे जायचे तिथला कायदाही बऱ्याच वेळा आपल्या बाजूचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत 2022 च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे वसूल करायला मालकाला मनाई आहे. त्याच कायद्यात परिविक्षेचा काळ सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये परदेशी कर्मचारी आणणाऱ्या मालकाला सरकारला एक शुल्क द्यावे लागते, ते कामगाराच्या माथी मारता येत नाही. अमेरिकेतही एच-1बी व्हिसाचा मालकाने करायचा खर्च शिक्षकावर ढकलता येत नाही. मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस परगण्याच्या शाळा मंडळाने तो ढकलला होता. 2011 साली तिथल्या कामगार खात्याने चौकशी केली आणि एक हजारावर परदेशी शिक्षकांचे सुमारे 42 लाख डॉलर देणे निघाले.

त्याच देशातील लुइझियाना राज्याचा प्रसंग आपल्यासाठी अधिक बोलका आहे. 2007 पासून तिथल्या शाळांसाठी फिलिपाइन्समधून साडेतीनशेवर शिक्षक आणले गेले. भरती करणाऱ्या कंपनीने प्रत्येकाकडून सुमारे 16,000 डॉलर घेतले. अनेकांनी ते चढ्या व्याजाने उभे केले होते. पुढच्या वर्षाच्या पगारातील हिस्साही लिहून घेतला, आणि पैसे चुकते होईपर्यंत कागदपत्रे अडकवून ठेवली. हे सगळे शिकलेसवरलेले, अनुभवी शिक्षक होते. एकेकटे असताना कोणी तोंड उघडेना, कारण व्हिसा जाण्याची भीती. मग ते तिथल्या शिक्षक संघटनेकडे गेले. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स त्यांच्या मागे उभी राहिली, 2010 मध्ये खटला दाखल झाला आणि 2012 च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने भरती कंपनीविरुद्ध 45 लाख डॉलरचा निकाल दिला. शाळा मंडळावर मात्र जबाबदारी आली नाही. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. करार कोणाशी होतो आहे, शाळेशी की मधल्या कंपनीशी, हे आधी पाहायचे. आणि परमुलुखात गेल्यावर संघटना हाच आधार असतो.

साथींनो, नव्याने पास झालेल्या मुलांना आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, अनुभव. परदेशातील बऱ्याच शाळा दोन वर्षांचा अनुभव मागतात. निकाल लागल्या लागल्या "अनुभव नसला तरी चालेल, थोडे जास्त पैसे लागतील" असे कोणी म्हणाले, तर तिथेच सावध व्हा. आधी इथे दोन वर्षे शिकवा. मानधन कमी असले तरी नेमणूकपत्र, पगाराची नोंद आणि अनुभवाचा दाखला सोडू नका.

दुसरी गोष्ट, इंग्लंडला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. तिथल्या सरकारी शाळांत पात्र शिक्षकाचा दर्जा घ्यावा लागतो, त्याला क्यू.टी.एस. म्हणतात. 2023 च्या फेब्रुवारीपासून भारतात पात्र झालेल्या शिक्षकांनाही त्यासाठी थेट तिथल्या सरकारकडे अर्ज करण्याची सोय झाली. ती सुरू झाली तेव्हा आपल्यासाठी 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान व भाषा शिकवणाऱ्यांपुरती होती. या अर्जाला फी नाही. तेव्हा "क्यू.टी.एस. काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. हा दर्जा मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे मात्र नाही. नोकरी देणारी शाळा वेगळी शोधावी लागते, आणि व्हिसासाठी त्या शाळेकडे परवाना असावा लागतो.

तिसरी गोष्ट, दाखले. पदवीचे मूळ प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा, तात्पुरत्यावर काम अडते. त्यावर आधी राज्य सरकारचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. अपोस्टील करारातील देशांना एवढे पुरते, बाकीच्यांसाठी त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. याला वेळ लागतो. घाई झाली की दलालाचे फावते.

चौथी गोष्ट, व्हिसा. "व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देऊ" हे वाक्य ऐकले की उठून या. अशा व्हिसावर काम केल्यास गुन्हेगार ठरते ती शिक्षिका, आणि एजंट इथे मोकळा फिरतो.

पाचवी गोष्ट, करारनामा. त्यात शाळेचे नाव, विषय व वर्ग, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, राहण्याची सोय, जाण्यायेण्याचे तिकीट आणि नोकरी सोडण्याची मुदत लिहिलेली हवी. मोठ्या सुट्टीतील पगार मिळणार का, हे आवर्जून पाहा. अमिरातीत सेवासमाप्तीची रक्कम मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षे दरवर्षी 21 दिवसांप्रमाणे. म्हणून मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले की नुकसान कोणाचे, हे ड्युटीचे तास आणि भत्ते मोजणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

सहावी गोष्ट, पासपोर्ट. 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. एजंटाला किंवा शाळेला तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही.

आणि सातवी, संघटना. अमिरातीत व सौदी अरेबियात कामगार संघटना बांधायला परवानगी नाही, तिथे भारतीय दूतावासाचा पत्ता व फोन पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. इंग्लंडमध्ये मात्र 2017 साली दोन संघटना एकत्र येऊन झालेली नॅशनल एज्युकेशन युनियन आहे. रुजू झाल्यावर तिथल्या संघटनेचे सभासद व्हा. बापाच्या युनियनची पावती ज्या घरात जपून ठेवली जाते, त्या घरातील मुलीला हे वेगळे सांगायची गरज पडू नये.

शेवटी मागणीचे बोलू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1997 साली 181 क्रमांकाचा करार केला. भरती करणाऱ्या खाजगी संस्थेने कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. आपल्या सरकारने तो मान्य केलेला नाही. तो मान्य करावा, ही आपली मागणी असली पाहिजे. ज्याला माणूस हवा आहे, त्याने भरतीचा खर्च सोसावा. प्लंबर असो, परिचारिका असो की शिक्षिका, नियम एकच.

तोवर आपल्या हातातले काम आपण करू. ज्यांच्या घरी परदेशी नोकरीचा कागद आला असेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी तो शाखेच्या कार्यालयात घेऊन यावा. आपण एकत्र बसून तो ओळीओळीने वाचू, एजंटाची नोंदणी तपासू. पैसे गेल्यावर येणारा पालक आम्हाला भेटतो तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते. आधी या.

कामगार एकजुटीचा विजय असो!