सहा नंबरचं नोझल

आज गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगून इथं आलेल्या वॉशिंग सेंटरवाल्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षानं वीजदर आणि टँकरचे भाव यांवर बोलावं, अशी रीत आहे. ते दोन्ही विषय आधीच्या वक्त्यांनी धुऊन-पुसून, पॉलिश मारून ठेवलेत. मी खिशातून एक वस्तू काढतो. मागच्या रांगेला दिसणार नाही, बोटाच्या पेराएवढीच आहे. हे नोझल. यावर कोरलंय 2506. पहिले दोन आकडे फवाऱ्याचा कोन, 25 अंश. पुढचा 06 हा छिद्राचा नंबर. 4000 पीएसआय दाबाला यातून मिनिटाला 6 अमेरिकन गॅलन पाणी जातं. एवढ्या दाबावर आपण काम करत नाही, गॅलनही आपला नव्हे. म्हणून असेल कदाचित, पण हा आकडा आपण वाचतच नाही. दुकानात जाऊन ‘हिरवं द्या, पिवळं द्या’ म्हणतो. रंग फक्त कोन सांगतो. लाल म्हणजे शून्य, पिवळा 15, हिरवा 25, पांढरा 40. नंबराचं त्याला काही घेणंदेणं नाही.

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे 5 एचपीची मोटार आणि मिनिटाला 15 लिटर देणारा पंप होता. सहा नंबरवर गेज 120 बार दाखवायचं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर यायचे, चाकांतला चिखल निघता निघायचा नाही. कुणीतरी म्हणालं, छिद्र बारीक करा. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. बसवलं पाच नंबर. गेज 170 च्या पुढं! पहिला ट्रॅक्टर झकास निघाला. दुसऱ्याला मोटार ट्रिप. मग मी काय केलं? ओव्हरलोड रिले फिरवून वाढवला. हसू नका, इथल्या निम्म्या लोकांनी हेच केलंय. संध्याकाळी वाइंडिंगचा वास आला आणि चार दिवस दुकान बंद.

हिशेब सोपा होता, मी मांडला नव्हता. बार गुणिले लिटर, भागिले 600, की किलोवॅट येतात. 120 बारला 3. पाच नंबरवर 4.3. आणि 5 एचपी म्हणजे सगळे मिळून 3.73, त्यातलं थोडं पंपातच जातं.

आपण म्हणतो, ‘पंप प्रेशर देतो.’ देत नाही हो. प्लंजर पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं पाणी पुढं ढकलतो, बस. दाब त्याला अडवण्यातून येतो, आणि अडवतं हे नोझल. फारच बारीक बसवलं तर अनलोडर उघडतो, पाणी बायपासला गरगरत राहतं, तापतं आणि सील खातं.

उलटं दुखणं जास्त फसवं. बोअरच्या पाण्यात बारीक रेती असते, छिद्र घासत जातं. व्यास दहाच टक्के वाढला तरी तेवढ्याच पाण्याला 120 चे 82 बार होतात, कारण दाब व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात पडतो. डोळ्याला काही दिसत नाही. पोरगं सांगतं, ‘शेठ, पंप मारत नाही.’ मिस्त्री येतो, सील बदलतो, मग व्हॉल्व्ह बदलतो. माझ्याकडे दोनदा बदलले! तेव्हा मिस्त्रीला फोन करण्याआधी एक करा. नोझल लावलेली गन पिंपात धरा, मिनिटभर चालवा, पाणी मोजा. 15 लिटर भरलं आणि गेज मात्र खाली, तर पंप ठणठणीत आहे, नोझल फेका. पाणीच कमी भरलं तर मिस्त्रीला खुशाल बोलवा. पण आधी गाळणी उघडून बघा.

कोनाचं निराळं. नंबर तोच ठेवून पिवळ्याच्या जागी पांढरं लावलं तर गेज हलत नाही, पण धार बदलते. 30 सेंटिमीटरवरून पिवळ्याचा पट्टा 8 सेंटिमीटरचा, हिरव्याचा 13, पांढऱ्याचा 22. तेवढंच पाणी, तेवढाच दाब, पण पसारा जवळजवळ तिप्पट. मडगार्डच्या आत पिवळं चालतं. गाडीच्या रंगावर आणि रेडिएटरच्या जाळीवर पांढरंच, तेही हात लांब ठेवून. लाल नोझल मी कामगारांच्या हाती देत नाही. ती धार कातडीत शिरते, वरून टोचल्याएवढी जखम दिसते आणि आत ऑपरेशन करायची पाळी येते.

उन्हाळ्यात पाणी वाचवायचं म्हणून नुसतं बारीक नोझल लावणाऱ्यांना एवढंच सांगतो, आधी पुली बदला. फेरे कमी करून पंप 12 लिटरवर आणा, मग पाच नंबर बसवा. 110 बार मिळतात आणि मोटारही सुखात राहते.

अजून बोलायचं होतं, पण भाताचा वास इथवर आलाय. जेवणानंतर मागच्या अंगणात पंप, गेज आणि पिंप मांडलंय. ज्यांनी आपापली नोझलं काढून आणलीत त्यांनी रांग लावा. पहिलं माझं मोजू. तीन वर्षांत बदललेलं नाही.