आधी कान तपासा, मग बोलण्याची काळजी

डाउन सिंड्रोम असलेलं मूल बोललं नाही, की घरात म्हणतात, "त्याला समजतच नाही." पण त्याला नीट ऐकू येतं का, हे कुणी पाहिलेलं असतं?

आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात. या मुलांमध्ये बहुधा 21 क्रमांकाचं एक जास्त असतं, हे 1959 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. अशा अनेक मुलांच्या कानाची नळी अरुंद असते. पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. कान दुखत नसला, तर ते लक्षातही येत नाही.

दुसरी अडचण स्मरणाची. ऐकलेले शब्द धरून ठेवणं त्यांना जड जातं. पाहिलेलं तुलनेने बरं लक्षात राहतं. "हातपाय धू, चप्पल जागेवर ठेव, मग जेवायला ये" हे एका दमात सांगितलं, तर मधलं निसटतं. म्हणून एकेक सांगा. ताट दाखवा, हाताने खूण करा, सोबत शब्दही उच्चारा. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये मुलांची मोफत तपासणी करतात. भोकरदन असो, मंठा असो की घनसावंगी, आपल्या गावी पथक कधी येणार, हे अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा आणि मुलाचे कान तपासून घ्या. 'मोठं झालं की बोलेल' म्हणून थांबू नका.