काम नसताना चालणं

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

२०२३ च्या मे महिन्यात मी एका बैठकीसाठी मॉरिशसला गेले होते. परत आल्यावर कार्यालयात पहिला प्रश्न आला, "ठराव काय झाले?" ते लिहून आणले होते, वाचून दाखवले. मग एकीने हळूच विचारलं, "आणि फिरलीस का काही?" मी म्हटलं, "हो, एका धबधब्यापर्यंत चालत गेले." हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला. चोरी कबूल करावी तसा. तीस वर्षं चळवळीत काढलेल्या बाईचा आवाज एवढ्याशा गोष्टीला का खाली जावा? आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

बैठक संपल्यावर एक दिवस मोकळा होता. तिथल्या बायकांच्या एका गटाने विचारलं, "आमच्याबरोबर येतेस?" आम्ही नऊजणी होतो. काही मराठी घरांतल्या, काही भोजपुरी आणि तमिळ, तर दोघी क्रिओल, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं होतं. आपसात सगळ्या क्रिओल भाषाच बोलतात. मराठी येणारी एकच होती, सदुसष्ट वर्षांची. तिला मी मावशी म्हणू लागले.

व्हाकोआ गावाहून बसने हेन्रिएटाला गेलो. मावशीने कंडक्टरला कार्ड दाखवलं. त्या देशात ज्येष्ठ नागरिकांना आणि विद्यार्थ्यांना २००५ पासून बसप्रवास मोफत आहे. मावशी म्हणाली, "बस फुकट झाली तेव्हा मी पहिल्यांदा एकटी समुद्रावर गेले. त्याआधी पैसे मागावे लागायचे, आणि पैसे मागायचे म्हणजे कशाला ते सांगावं लागायचं." आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यावर बरीच टिंगल झाली, बायका आता उगाच फिरत बसतील म्हणून. मावशीचं ऐकल्यावर मला वाटलं, हे 'उगाच'च महत्त्वाचं आहे.

हेन्रिएटा आपल्याला परकं वाटू नये असं गाव आहे. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ साली याच भागात झाला, असं तिथले मराठी लोक अभिमानाने सांगतात. ही माणसं कोकणातून मुंबई बंदरामार्गे मजुरीच्या करारावर गेली. १८३४ पासून जवळजवळ साडेचार लाख हिंदी मजूर तिथे उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, आपल्याकडचे त्या मानाने थोडे. उसाच्या मळ्यांसाठी त्यांना नेलं, कारण १८३५ साली गुलामगिरी बंद झाली होती. नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना. गुलामांना काही नाही.

बसथांब्यावर दोनतीन तरुण होते. धबधबा दाखवून पैसे घेणारे. आमच्याकडे पाहून म्हणाले, खालपर्यंत तुम्हाला जमणार नाही, वरूनच बघा, फोटो काढा आणि जा. आमच्यातली एक शाळामास्तरीण त्या वाटेने पाच वेळा गेलेली होती. तिने "बरं" म्हटलं आणि ती चालू लागली.

सुरुवातीला उसातून सपाट वाट आहे. मग एकदम कडा येतो आणि खाली दरी दिसते. तामारिन नदी तिथे एकाखाली एक अशा सात टप्प्यांनी उडी घेते, सगळे मिळून सुमारे ३०० मीटर. म्हणून सात धबधबे म्हणतात. वरच्या अंगाला धरण आहे, त्या पाण्यावर वीज होते. गंमत अशी की इथे धबधब्याकडे चढून जायचं नसतं, उतरून जायचं असतं. म्हणजे मजा आधी आणि कष्ट नंतर. तांबडी निसरडी माती, मुळांना धरून बसत बसत उतरायचं. दोन्ही बाजूंना लाल बारक्या पेरूंची दाट झाडी. चिनी पेरू म्हणतात त्यांना. हे झाड बाहेरून आलं आणि इतकं माजलं की मूळचं जंगल त्याने दाबून टाकलं. आम्ही मात्र ओटीभर पेरू खाल्ले.

दुसऱ्या टप्प्यापाशी डाळपुऱ्या सोडल्या. मी विचारलं, "या केल्या कुणी?" तर उत्तर आलं, चारला उठून तिघींनी. घरचं सगळं करून, झाकून ठेवून, मग या. म्हणजे मोकळा दिवससुद्धा आदल्या पहाटे कमवावा लागतो. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तिथे बसून मावशीने तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. मावशीने पणजीची नोंद काढून घेतली. नाव, उंची, अंगावरची खूण, आणि पुढे 'अमक्याची बायको'. पणजोबांच्या नोंदीत मळ्याचं नाव होतं, तिच्या नोंदीत नवऱ्याचं.

मग ती पासाबद्दल बोलली. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापत. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ ठेवावं लागे, आणि जिल्ह्याबाहेर जायचं तर पोलिसांचा पास. नसेल तर भटकेपणाचा गुन्हा. या जाचाविरुद्ध मजुरांनी १८७१ साली अर्ज केला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडहून चौकशी आयोग आला. "काम नसताना चालणं हा आमच्याकडे गुन्हा होता," मावशी म्हणाली. क्रिओल मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "आमचे लोक तर पळूनच अशा दऱ्याडोंगरांत लपायचे. सापडले की शिक्षा." मी ऐकत होते. पास गेला, कायदा गेला. पण बाईला कोण कुठे निघालीस विचारतं, कुणाला विचारून निघालीस विचारतं, तो पास अजून कुणाच्या हातात आहे?

त्याचं उत्तर तासाभरात मिळालं. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलो आणि ढग उतरले. शाळामास्तरीण म्हणाली, वरती पाऊस पडला की खाली पाणी अचानक वाढतं, परत फिरू. दोघी कुरकुरल्या, एवढं आलोय तर सातवा बघू. पण गटाचा नियम होता, एकीने जरी परत म्हटलं तरी सगळ्यांनी फिरायचं. फिरलो. चढताना एकीचा पाय घसरला आणि घोटा सुजला. ओढणी घट्ट बांधली, दोघींनी खांदा दिला. जी वाट तासाभरात उतरलो ती चढायला तीन तास लागले. पाऊस सुरू झाला होता.

आणि त्या चढणीवर ती रडत होती ती पाय दुखतो म्हणून नाही. तिने घरी सांगितलं होतं की ती दवाखान्यात बहिणीला सोबत जाते आहे. आता हा सुजलेला पाय कसा समजावणार? एक म्हणाली, सांग बसमधून उतरताना पडलीस. दुसरी म्हणाली, दवाखान्याच्या पायरीवर सांग. आठजणी मिळून नववीसाठी चांगलं खोटं शोधत होतो. त्यात मीही होते, मैत्रिणींनो. स्त्रीमुक्तीची भाषणं देणारी मी.

वर आल्यावर फोनला रेंज मिळाली. तिने नवऱ्याला फोन लावला. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मी धबधब्यावर आले आहे. पाय मुरगळला." पलीकडून काय विचारलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती म्हणाली, "काम काही नव्हतं." एवढंच. त्या रात्री घरी भांडण झालं. पुढे महिनाभर ती गटात आली नाही. नंतर आली, आणि आता सांगून येते, असं मावशीने मला कळवलं. नवरा बदलला असं ती म्हणत नाही. खोटं बोलण्याचा ताण गेला, एवढंच म्हणते.

इथे आल्यावर मी आपल्या वस्तीच्या गटात ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, तुम्ही काय सांगून बाहेर पडता? हसत हसत यादी झाली. बँक, रेशन, दवाखाना, शाळेची मीटिंग, देवदर्शन. "सहज जाऊन येते" हे एकीनेही म्हटलं नाही. पाणी आणायला आपण मैलोगणती चाललो आहोत. पाणी पाहायला चालणं मात्र आपल्याला ऐट वाटते.

मग आम्ही महिन्यातला एक रविवार ठरवला. जवळच्या टेकडीवर, तळ्यावर, पावसाळ्यात ओढ्यावर. नियम चार. घरी खरं सांगायचं. डबा प्रत्येकीने आपापला आणायचा, एकीने सगळ्यांचा नाही. लहान मुलं असलेल्या घरी पाळीपाळीने एकीने थांबायचं, किंवा घरातल्या पुरुषाने सांभाळायचं. आणि एक परत म्हणाली तर सगळ्या परत.

सोपं गेलं नाही. दोघींना घरून बंदी झाली, त्या सुटल्या. ओढ्यावर दारू पिऊन बसलेल्या टोळक्याने आम्हाला एकदा परत फिरवलं. आपल्याकडे पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात. अपघात होतात, ते समजतं. पण धिंगाणा घालणाऱ्यांमुळे बाई आधी घरात बसते आणि कुणाच्या हिशोबात येत नाही. वाटेवर मुतारी नाही, हा तर रोजचाच प्रश्न. आता आमच्या मागण्यांच्या यादीत टेकडीच्या पायथ्याशी बायकांसाठी मुतारी आणि रविवारची सकाळची बस या दोन गोष्टी आहेत. तिसरी आली ती एका सासूकडून. सून काय करते बघायला म्हणून ती आली होती. तिने सांगितलं, वर बसायला एक बाक पाहिजे.

मैत्रिणींनो, मजुरी, हिंसा, जमीन हे आपले प्रश्न आहेतच. त्यातलं काही बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या तिमाहीचा अहवाल लिहाल तेव्हा एक रकाना वाढवा. गटातल्या किती बायका काम नसताना, घरी खरं सांगून, बाहेर पडल्या? आकडा लहान असेल तर लहान लिहा.

सातवा धबधबा मी पाहिलेला नाही. मावशीने बोलावलं आहे.